मोडलेला खुबा आणि पाच देश: आरोग्यव्यवस्थांची तुलना करायची कशी

"लंडनला सगळं फुकट असतं." "अमेरिकेत ॲम्ब्युलन्समध्ये बसलं की घर विकायची पाळी." "जर्मनीचा नाद नाय करायचा." सांगली-साताऱ्यात ज्या घरातलं पोर बाहेरदेशी आहे किंवा निघालंय, त्या घरात ही तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. तिन्ही अर्धी खरी आहेत. उरलेला अर्धा भाग कळायचा तर देशाचं नाव थोडा वेळ बाजूला ठेवावं, एक पेशंट निवडावा, आणि तो घरातून निघून बरा होऊन घरी परतेपर्यंतचा रस्ता प्रत्येक देशात तपासावा. एक वही, दोन संध्याकाळी आणि इंटरनेट एवढ्यावर हे काम होतं. कॉलेजच्या प्रकल्पाला चालतं, आणि आईवडिलांचं तिकीट काढण्यापूर्वीही चालतं.

आधी घरचं माप

परदेशाची माहिती काढण्याआधी वहीचा पहिला रकाना आपल्या जिल्ह्याचा भरा. आपल्याकडचा कागदावरचा जिना असा आहे: सपाटीवर ५,००० आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, सपाटीवर ३०,००० आणि डोंगरात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, वर ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय, त्याच्या वर साताऱ्याचं सिव्हिल किंवा मिरज-सांगलीची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं. महाविद्यालय १९६२ सालचं. जावळी-पाटणला डोंगरी माप लागतं, तासगाव-वाळव्याला सपाटीचं.

पण हा जिना चढायची सक्ती कोणावर नाही. जतचा माणूस गुडघा दुखला की थेट मिरजेला हाडाच्या डॉक्टरांकडे येतो. कुणाची चिठ्ठी लागत नाही. १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून मिरजेला लांबलांबून, पार कर्नाटकातूनही पेशंट येतात. ही मोकळीक आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की ती एका विशिष्ट व्यवस्थेचा भाग आहे हेच लक्षात येत नाही. ब्रिटनमध्ये ती नाही. म्हणून पहिल्या रकान्यात लिहा: "तज्ज्ञ डॉक्टर थेट, चिठ्ठीशिवाय."

आता पैशाची बाजू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं छत्र आता रेशन कार्डाचा रंग न पाहता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांवर आहे आणि मर्यादा वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपये आहे. मात्र उपचार योजनेच्या यादीत हवा आणि हॉस्पिटलही योजनेत हवं. दोन्ही गोष्टी ॲडमिट होण्याआधी आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलातल्या मदतनिसाकडून, पक्क्या करून घ्यायच्या असतात. रोजच्या ओपीडीच्या गोळ्या त्यात येत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची, तिथले दर वेगळे विचारून लिहा. उरलेला खर्च खिशातून. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. त्यात पेशंटजवळ बसलेल्या माणसाची बुडालेली मजुरी धरलेली नसते, हेही शेजारी लिहा.

पेशंट तीन घ्या, एक नको

एकाच आजारावर देशाला पास-नापास केलं की हमखास फसगत होते. कुठली व्यवस्था अपघाताला चांगली असते, कुठली सावकाशीच्या ऑपरेशनला, कुठली रोजच्या गोळ्यांना. म्हणून तीन पेशंट घ्या. पहिला, न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेला. दुसरा, तोच खुबा पण झिजलेला; दुखतो, चालता येतं, ऑपरेशन लागेल पण आजच नाही. तिसरा, शुगरचा, ज्याला जन्मभर गोळ्या आणि तपासण्या लागणार. तिघांचं वय एकच ठेवा, समजा ६८. घरात बाळंतपण असेल तर चौथा पेशंट तो, पण तो रकाना दोन ओळींत उरकतो: आपल्याकडे जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात सिझेरियनसह बाळंतपण मोफत आहे, आणि बाहेर मुख्य फरक पडतो तो प्रसूती सुईण करते की डॉक्टर, यात.

प्रत्येक पेशंटसाठी प्रत्येक देशाला हेच प्रश्न, याच क्रमाने विचारा:

१. उपचाराचा हक्क कशामुळे मिळतो? नागरिक असल्याने, तिथे राहत असल्याने, नोकरीमुळे, हप्ता भरल्यामुळे की वयामुळे?
२. पैसे आजाराआधीच गोळा होतात का, आणि कोण करतं: सरकार करातून, विमा निधी पगारातून, की खासगी कंपनी?
३. पहिला डॉक्टर कोण? पुढे जायला त्याची चिठ्ठी लागते का?
४. थांबावं किती लागतं, आणि ते घड्याळ कधीपासून चालू धरतात?
५. खिडकीवर किती द्यायचे, आणि वर्षाला कमाल किती?
६. काय वगळलंय?
७. डिस्चार्जनंतर कोण बघतं?

पाचवा प्रश्न लोक पहिल्यांदा विचारतात आणि पहिला विसरतात. तिथेच सगळा घोळ होतो. कारण हक्क नसेल तर पाचव्याचं उत्तर लागूच होत नाही. म्हणून प्रत्येक देशाचे दोन रकाने करा: "राहणारा" आणि "पाहुणा".

मोडलेला खुबा

ब्रिटनपासून सुरुवात करू. राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, पैसा मुख्यतः करातून येतो. तिथे राहणाऱ्याचा खुबा मोडला तर ॲम्ब्युलन्स, ऑपरेशन, वॉर्ड यांचं बिल येत नाही. इंग्लंडमध्ये अशा ऑपरेशनला ३६ तासांचं माप आहे. त्यात ऑपरेशन झालं आणि बाकीच्या अटीही पाळल्या तर हॉस्पिटलला जास्त पैसे मिळतात. पाहुण्याचा रकाना अगदी वेगळा. इमर्जन्सी विभागात तपासणं आणि तिथले उपचार कुणालाही मोफत. पण वॉर्डात ॲडमिट झाल्या क्षणापासून पाहुणा पेशंट पैसे द्यायला लागतो, तेही सेवेच्या ठरलेल्या दराच्या १५० टक्क्यांनी. "लंडनला फुकट" हे वाक्य मुलाला लागू आणि भेटीला गेलेल्या आईला नाही, ते इथे.

मुलालाही फुकट म्हणणं अवघडच. व्हिसाच्या वेळीच आरोग्य अधिभार भरावा लागतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्यांना ७७६ पौंड. त्याआधी हेच आकडे ६२४ आणि ४७० होते. जुन्या व्हिडिओंत अजून तेच सापडतात. हिशेब व्हिसाच्या मुदतीवर होतो: पूर्ण वर्षाचा पूर्ण दर, उरलेले महिने सहा किंवा कमी असतील तर अर्धा, जास्त असतील तर पूर्ण. एका वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा १६ महिन्यांचा मिळाला तर दीड वर्षाचे १,१६४ पौंड, तेही सुरुवातीलाच. नर्सिंगला हेल्थ अँड केअर व्हिसावर जाणाऱ्यांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना हा अधिभार माफ आहे.

जर्मनीत पाया १८८३ च्या कायद्याचा, बिस्मार्कच्या काळातला. पगाराच्या १४.६ टक्के हप्ता, शिवाय प्रत्येक विमा निधीचा थोडा वरचा हप्ता. दोन्ही अर्धे मालक, अर्धे कामगार. सुमारे ९० टक्के लोक या सार्वजनिक निधींत आहेत. खुबा मोडला तर पेशंटने द्यायचे दिवसाला १० युरो, वर्षातून जास्तीत जास्त २८ दिवसांचे. म्हणजे हॉस्पिटलच्या मुक्कामाचं खिशातलं बिल २८० युरोच्या वर जात नाही. कमी मिळकतीचा नवरा किंवा बायको आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. आईवडील येत नाहीत, आणि इथले लोक नेमके इथेच चुकतात. आईवडील भेटीला जाणार तर शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा घ्यावाच लागतो, आणि तो अचानक उद्भवलेल्या दुखण्यापुरता असतो. विद्यार्थ्यासाठी वयाची ३० वर्षं ही रेघ महत्त्वाची: तोवर सार्वजनिक निधीत विद्यार्थ्याच्या स्वस्त दरात येता येतं, नंतर नाही.

अमेरिकेला वहीत जास्त जागा सोडा. तिथे एक व्यवस्था नसून चार-पाच आहेत. ६५ च्या वर मेडिकेअर, गरिबांना मेडिकेड (दोन्ही सरकारी विमा योजना, १९६५ च्या), नोकरदारांना कंपनीचा विमा, बाकीच्यांना २०१० च्या कायद्याने आलेला, स्वतः विमा विकत घ्यायचा बाजार, आणि काहींना काहीच नाही. आधी पेशंट यांतल्या कोणत्या व्यवस्थेत बसतो ते ठरवा. मुलाने ग्रीन कार्ड (तिथे कायम राहायचा परवाना) काढून दिलेल्या ६८ वर्षांच्या आईला वय झालं म्हणून लगेच मेडिकेअर मिळत नाही. सलग पाच वर्षं तिथे राहणं लागतं.

कंपनीच्या विम्याचं गणित तीन शब्दांवर चालतं. डिडक्टिबल म्हणजे विमा सुरू होण्याआधी पदरचे घालायचे पैसे. को-इन्शुरन्स म्हणजे त्यानंतरच्या बिलातला आपला टक्का. आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम म्हणजे वर्षाची कमाल. समजण्यापुरते गोल आकडे धरू: बिल ४०,००० डॉलर, डिडक्टिबल २,०००, को-इन्शुरन्स २० टक्के, कमाल ६,०००. पहिले २,००० आपले. उरलेल्या ३८,००० चे २० टक्के ७,६००. बेरीज ९,६००, पण कमाल ६,००० म्हणून तिथे थांबायचं. हे फक्त नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, हॉस्पिटलला. इमर्जन्सीत नेटवर्कबाहेर नेलं तर वाढीव बिल लावायला १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने बंदी आहे, पण रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स त्या कायद्यातून सुटली आहे. सुरुवातीच्या वाक्यातला खरा अर्धा भाग हा. आणखी एक खाच: कमाल मर्यादा विम्याच्या वर्षापुरती. वर्ष जानेवारीला सुरू होत असेल आणि खुबा डिसेंबरच्या शेवटी मोडला, तर ऑपरेशन एका वर्षात, फिजिओथेरपी दुसऱ्यात, आणि डिडक्टिबल दोनदा.

विमाच नसलेल्या पाहुण्याला इमर्जन्सीतून हाकलता येत नाही. १९८६ च्या कायद्याने तपासून स्थिर करावंच लागतं. कायदा उपचाराची हमी देतो, बिल माफ होण्याची नाही. ते नंतर टपालाने येतं.

जपान आणि कॅनडा थोडक्यात. जपानमध्ये १९६१ पासून सगळे विम्याखाली. खिडकीवर ३० टक्के, ७० ते ७४ वयाला साधारण २०, पंच्याहत्तरीनंतर १०. मिळकत जास्त असेल तर वाटाही जास्त. मिळकतीप्रमाणे महिन्याची कमाल मर्यादा ठरलेली, आणि दर देशभर एकच, सरकार दर दोन वर्षांनी ठरवतं. टोकियोत आणि खेड्यात ऑपरेशनचा दर एकच असणं हे आपल्याकडून बघताना चमत्कारिक वाटतं. आपल्याकडे सांगली-मिरजेच्या दोन गल्ल्यांत फरक पडतो. कॅनडात १९८४ च्या कायद्याने डॉक्टर आणि हॉस्पिटलचं बिल राहणाऱ्याला येत नाही, पण कारभार प्रांताप्रांताचा. काही प्रांत नव्याने आलेल्यांना तीन महिन्यांपर्यंत थांबवू शकतात. तेवढ्या काळाचा खासगी विमा घ्यावा लागतो. आईवडिलांच्या सुपर व्हिसाला (लांब मुक्कामाचा भेटीचा व्हिसा) किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, एका वर्षाचा विमा ही अट आहे.

झिजलेला खुबा

आता दुसरा पेशंट त्याच देशांतून फिरवा, चित्र पालटतं. मिरजेत पैसे किंवा मेडिक्लेम असेल तर चालू आठवड्यात तारीख मिळू शकते. इंग्लंडमध्ये नियमाचं माप १८ आठवडे, आणि ९२ टक्के पेशंट त्यात बसावेत असं उद्दिष्ट आहे. ते बरीच वर्षं गाठलेलं नाही. प्रतीक्षा यादीवर ७० लाखांहून जास्त केसेस आहेत. इथे चौथ्या प्रश्नाचा दुसरा भाग उपयोगी पडतो. हे घड्याळ फॅमिली डॉक्टरने पुढे पाठवल्यावर सुरू होतं. त्या डॉक्टरची वेळ मिळायला गेलेले दिवस त्यात नसतात. दुसऱ्या देशाने तज्ज्ञाने "ऑपरेशन करू" म्हटल्यापासून मोजलं असेल तर दोन्ही आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. कुठून कुठपर्यंत मोजलं ते लिहिल्याशिवाय प्रतीक्षेचा आकडा वहीत घेऊच नका.

आपल्याकडे रांग दिसत नाही याचं एक कारण असं की पैसे नसलेला माणूस रांगेत उभाच राहत नाही. तेल चोळत घरी बसतो. त्याची यादी कुणी ठेवत नाही. तिथे यादी दिसते म्हणून तिची बातमी होते.

शुगर

इथे फक्त गोळ्यांचा रस्ता बघा. इंग्लंडमध्ये एका औषधाला ९.९० पौंड लागतात, पण साठीनंतर ते माफच असतात. औषधं घेणाऱ्या मधुमेह्याला कोणत्याही वयात माफीचं प्रमाणपत्र मिळतं. स्कॉटलंड-वेल्समध्ये सगळ्यांनाच माफ. जर्मनीत एका औषधाला ५ ते १० युरो, आणि वर्षाची एकूण कमाल मिळकतीच्या २ टक्के, दीर्घ आजाऱ्याला १ टक्का. ही सवलत आपोआप येत नाही. पावत्या जपून निधीकडे अर्ज करावा लागतो. अमेरिकेत मेडिकेअरवाल्यांना इन्सुलिन २०२३ पासून महिन्याला ३५ डॉलरच्या आत. बाकीच्यांचं त्यांच्या विम्यावर. कॅनडात हॉस्पिटलबाहेरच्या गोळ्या मूळ योजनेत नाहीत, प्रांत आणि नोकरीप्रमाणे बदलतं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिन, शुगरची नेहमीची गोळी, मोफत असतं. संपलं की मेडिकलवाला.

आकडे घेताना

आकडे चारच घ्या: माणशी आरोग्यखर्च, त्यातला खिशातला वाटा, अपेक्षित आयुर्मान, आणि दुसऱ्या पेशंटची प्रतीक्षा. पहिले तीन जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँकेच्या संकेतस्थळांवर मिळतात. सगळ्या देशांचं वर्ष एकच धरा. २०२० आणि २०२१ ही कोविडची वर्षं टाळा किंवा तशी खूण करा.

डॉलरचे रुपये करून तुलना करू नका. क्रयशक्तीनुसार काढलेला आकडा घ्या, कारण ड्रेसिंगला लागणारी मेहनत कराडला आणि शिकागोला सारखीच, मजुरीत फरक. माणशी १२ हजार डॉलरहून जास्त खर्च करणारी अमेरिका आयुर्मानात जपान-जर्मनीच्या मागे आहे. पण त्याचा सगळा दोष हॉस्पिटलवर टाकता येत नाही: बंदुका, रस्ते अपघात, नशेची औषधं, लठ्ठपणा यांचाही त्यात वाटा आहे. आयुर्मान हा समाजाचा आकडा आहे, दवाखान्याचा कमी.

खिशातला वाटा १५ ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर आजारपणाने घर बुडण्याचं प्रमाण कमी असतं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा. आपले ३९.४ त्याच्या दुप्पट. पण उलट बाजूही तपासा. उपचारच घेतले नाहीत तरी हा खर्च कमी दिसतो.

कॅन्सरच्या "पाच वर्षं जगण्याच्या" टक्केवारीपासून जपून. अमेरिकेत २००७ साली न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी यांनी प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये अमेरिकेत ८२ टक्के आणि इंग्लंडमध्ये ४४ टक्के वाचतात असं जाहीरपणे सांगितलं. लोकसंख्येमागे त्या आजाराने मरण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखं होतं. अमेरिकेत रक्ततपासणीने आजार लवकर, आणि कधीच त्रास न देणारेही, सापडत होते; घड्याळ लवकर सुरू झालं की पाच वर्षं लवकर भरतात. अशा ठिकाणी लाखामागे मृत्यू घ्या, तेही वयाचा फरक काढून. जपानमध्ये पासष्टीपुढचे जवळपास २९ टक्के, आपल्याकडे ७ च्या आसपास. वय न धरता मृत्युदर मांडला तर जपान आपल्याहून वाईट दिसेल.

खाटांचा आकडाही असाच. जपानमध्ये हजारामागे १२ हून जास्त, ब्रिटनमध्ये अडीचच्याही आत. जपानच्या आकड्यात दीर्घ मुक्कामाच्या आणि मनोरुग्णांच्या खाटा मोठ्या संख्येने आहेत.

क्रमवारी मागणाऱ्यांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली एकदाच अशी यादी काढली. फ्रान्स पहिला, अमेरिका ३७ वी, भारत ११२ वा. कशाला किती वजन द्यायचं यावरून इतका वाद झाला की पुन्हा काढली नाही. अजूनही फॉरवर्डमध्ये ती "ताजी" म्हणून फिरते.

शेवटची चूक आपल्या बाजूची. मिरजेचा अनुभव "भारत" या रकान्यात लिहू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची जिल्हावार पत्रकं आहेत. सांगली आणि साताऱ्याची वेगवेगळी काढा, आणि तोलायला तिकडचाही तसाच जिल्हा किंवा प्रांत घ्या. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या गावाची जोडी कॅनडाच्या उत्तरेकडल्या वस्तीशी जमते, टोरंटोशी नाही.

आईवडील निघणार असतील तर

पाहुण्याच्या रकान्यातून विम्याची पॉलिसी काढा आणि चार गोष्टी तिच्यात शोधून अधोरेखित करा. आधीपासूनचे आजार: शुगर-बीपी पूर्ण वगळलेत, की अचानक बिघडले तरच धरतात, आणि ती रक्कम वेगळी आहे का. प्रत्येक उपचाराला ठरावीक रकमेची यादी आहे का. असेल तर बिल कितीही येवो, तेवढेच मिळणार, आणि अशा पॉलिसी स्वस्त असतात त्या याचमुळे. वय सत्तरीला टेकलं की रक्कम कमी होते का. आणि हॉस्पिटलने बिल थेट कंपनीला पाठवायचं, की आधी आपण भरायचं.

तीन महिन्यांचा मुक्काम असेल तर तेवढ्या गोळ्या इथूनच न्याव्यात, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण इथला ब्रँड तिकडच्या केमिस्टला ओळखू येत नाही. खुब्यात किंवा गुडघ्यात आधीच काही बसवलेलं असेल तर त्या ऑपरेशनचा कागद आणि शेवटचा एक्स-रे मोबाइलमध्ये ठेवा, आणि मुलाच्या मोबाइलमध्येही.